अभिजात व्हिडिओ गेम आणि आजचा खेळाडू : टिकाऊपणाच्या निकषांचा ऐतिहासिक विचार (१९७२ ते १९९८)

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात ग्रंथ, शिलालेख, नाणी व वास्तू यांना साधन म्हणून जे स्थान आहे, ते करमणुकीच्या साधनांना फार उशिरा प्राप्त झाले. नाटक व चित्रपट यांच्या इतिहासलेखनाला आता विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली आहे. व्हिडिओ गेम मात्र अद्याप ‘पोरांचा खेळ’ या सदरातच मोडतो. वास्तविक पाहता, १९७२ मध्ये राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेले ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे घरगुती यंत्र आणि त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ बाजारात आल्यापासून या माध्यमाने अर्धशतक ओलांडले आहे. त्याच्या पहिल्या पिढीतील खेळ आज त्या खेळाडूंची नातवंडे खेळू शकतात. त्यामुळे हे जुने खेळ आजच्या खेळाडूच्या कसोटीस उतरतात काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

हा प्रश्न वरकरणी आवडीनिवडीचा वाटतो. तथापि त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या सहकार्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या अभिजात खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतरीत्या उपलब्ध नाहीत. आज खपेल तेच पुन्हा प्रकाशित होते आणि उरलेले नाहीसे होते. म्हणजेच ‘टिकला’ व ‘टिकला नाही’ हा खेळाडूचा शेरा पुढील काळात इतिहासाच्या साधनांची निवड ठरवू लागतो. या दृष्टीने सदर शेऱ्यामागील निकष तपासणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

१) जुना खेळ ‘टिकला’ असे म्हणताना त्याचे नेमके कोणते अंग टिकलेले असते, हे स्पष्ट करणे.
२) खेळाचे वय व त्याचा टिकाऊपणा यांचा संबंध तपासणे.
३) टिकाऊपणाचा निकष व जतनाचा निकष यांतील भेद मांडणे.

संज्ञा व मर्यादा

‘अभिजात’ ही संज्ञा येथे पुढील काळातील खेळांच्या रचनेवर ज्यांचा प्रभाव पडला अशा खेळांपुरती वापरली आहे. प्रत्येक खेळाची तीन अंगे मानली आहेत : नियम, हाताळणी आणि परिसर. नियम म्हणजे खेळात काय केल्यास काय घडते याची व्यवस्था. हाताळणी म्हणजे बटणे, पडदा व यंत्र यांच्याशी खेळाडूच्या हाताचा व डोळ्याचा असलेला संबंध. परिसर म्हणजे तो खेळ ज्या जागी, ज्या पैशांत व ज्या सोबतीत खेळला गेला ती सामाजिक परिस्थिती. ही तिन्ही अंगे सारख्या वेगाने जुनी होत नाहीत, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नियमांचा टिकाऊपणा

जपानमधील तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. परग्रहावरील शत्रूंच्या रांगा पडद्यावरून हळूहळू खाली सरकतात आणि खेळाडू तळाशी राहून त्यांवर मारा करतो. शत्रू कमी होत जातात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. या वाढत्या वेगाचे मूळ यंत्राच्या दुर्बलतेत होते. इतक्या आकृत्या एकाच वेळी हलविणे त्या काळच्या प्रोसेसरला जड जाई. आकृत्या घटल्या की त्याचा भार हलका होई आणि उरलेल्या आकृत्या आपोआप वेगाने हलत. निशिकादो यांनी हा दोष दुरुस्त न करता तसाच ठेवला. यंत्राची मर्यादा अशा रीतीने खेळाचा नियम बनली. विजय जवळ येतो तेव्हाच धोका सर्वाधिक असतो, ही त्या नियमातील गंमत आजच्या खेळाडूलाही कोणी समजावून सांगावी लागत नाही.

१९८० मधील ‘पॅक-मॅन’ हे याचेच दुसरे उदाहरण होय. नाम्को कंपनीतील तोरू इवातानी यांच्या या खेळात चार भुते चक्रव्यूहात खेळाडूचा पाठलाग करतात; मात्र प्रत्येकाची रीत निराळी आहे. तांबडे भूत सरळ मागे लागते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडापुढील जागा हेरून वाट अडविते. निळ्याची दिशा तांबड्याच्या स्थानावरही अवलंबून असते. नारिंगी भूत जवळ येताच पाठ फिरवून कोपऱ्याकडे वळते. चार साध्या स्वभावांच्या संयोगातून असंख्य प्रसंग निर्माण होतात. चित्रांत आज नवल वाटावे असे काही नाही. परंतु भुतांचे स्वभाव ओळखून त्यांना चकविण्यातील बौद्धिक आनंद तसूभरही कमी झालेला नाही.

१९८५ मधील ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाने नियम शिकविण्याची पद्धतच बदलली. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांचा हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत सामावलेला आहे. जागा वाचविण्यासाठी ढग व झुडूप यांना एकच आकृती रंग बदलून वापरलेली आहे. पहिल्या टप्प्याच्या आरंभी मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कोठे जायचे, हे त्या मोकळ्या जागेवरूनच कळते. थोडे पुढे गेल्यावर एक शत्रू संथपणे चालत येतो आणि उडी मारण्यावाचून गत्यंतर नसते. एक अक्षरही न वाचता खेळाडू शिकत जातो. शिकविण्याची ही सोय खेळातच असल्याने पुस्तिका हरवली, भाषा बदलली, पिढी बदलली तरी हा खेळ अडत नाही.

‘टेट्रिस’ या खेळात तर नियमावाचून दुसरे काही नाहीच, असे म्हटले तरी चालेल. मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर तो प्रथम रचला. त्या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नसल्याने आकृत्या कंसांच्या चिन्हांनी दाखविल्या होत्या. चार चौकोनांचे सात आकार, ते रचण्यासाठी एक उभी चौकट आणि भरलेली ओळ नाहीशी होणे, एवढेच या खेळाचे भांडवल. पुढे रंग, संगीत व यंत्रे बदलली. खेळ तोच राहिला.

स्मरणरंजनाचा आक्षेप

जुने खेळ अद्याप टिकून आहेत असे म्हणणारे बहुधा बालपणी ते खेळलेलेच असतात. सबब हा टिकाऊपणा खेळाचा नसून आठवणींचा आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ‘टेट्रिस’च्या १९८९ मधील निन्टेन्डो आवृत्तीचा पुढील इतिहास पाहता हा आक्षेप पुरेसा ठरत नाही. या आवृत्तीत २९ व्या पातळीवर आकार इतक्या वेगाने पडतात की, बटण दाबून धरल्यास तो कडेपर्यंत नेणे अशक्य होते. त्यामुळे ती मानवी क्षमतेची सीमा होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता. पुढे काही खेळाडूंनी बटण अतिशीघ्र थरथरवून ही सीमा ओलांडली. २०२० नंतर कंट्रोलरच्या पाठीवर बोटांनी ताशा वाजवल्यासारखा ठेका धरण्याची नवी पद्धत रुळली. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली आणि तेथे खेळाची आज्ञावलीच गोठली. मानवी हाताने हा खेळ अशा टोकाला नेल्याची ही पहिलीच नोंद होय. खेळ प्रकाशित झाला तेव्हा या मुलाचा जन्म व्हावयास वीस वर्षांहून अधिक काळ होता. त्याच्या बाबतीत आठवणींचा प्रश्नच उद्भवत नाही. चौतीस वर्षांनंतर नवीन तंत्र स्वीकारण्याइतकी जागा ज्या नियमांत शिल्लक राहते, ते नियम जिवंत आहेत असेच म्हणावे लागेल.

हाताळणी : नवे ते आधी जुने होते

नियमांवरून हाताळणीकडे वळल्यास चित्र बदलते. काळ जितका मागचा तितका खेळ कालबाह्य, असा सर्वसाधारण समज आहे. तो येथे खरा ठरत नाही. सपाट चित्रांचे १९८० च्या दशकातील खेळ आज सहज खेळता येतात. याउलट त्रिमिती चित्रांचे १९९६ ते १९९८ या काळातील खेळ वयाने लहान असूनही आजच्या खेळाडूच्या हाती बसत नाहीत.

याचे कारण ऐतिहासिक आहे. त्रिमिती जागेत पात्र व कॅमेरा या दोन गोष्टी एकाच वेळी कशा चालवाव्यात, याची सर्वमान्य रीत त्या वेळी ठरलेली नव्हती. १९९६ मधील ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये कॅमेरा ठरावीक जागी खिळलेला असे आणि डावे-उजवे बटण पात्राला जागच्या जागी वळवीत असे. १९९७ मधील ‘गोल्डनआय ००७’ हा खेळ एकाच अॅनालॉग स्टिकच्या कंट्रोलरसाठी रचलेला होता. डाव्या स्टिकने चालणे व उजव्या स्टिकने पाहणे ही आज अंगवळणी पडलेली रीत २००१ मधील ‘हेलो’नंतर दृढ झाली. एकदा रीत ठरल्यावर त्यापूर्वीचे सर्व प्रयोग चुका भासू लागले. जानेवारी २०२३ मध्ये ‘गोल्डनआय’ दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर पुन्हा उपलब्ध झाला, तेव्हा एक्सबॉक्सवर त्याला दोन स्टिकची हाताळणी मिळाली होती, तर निन्टेन्डो स्विचवर मुळातली मांडणी कायम होती. एकाच खेळाविषयी खेळाडूंचा अनुभव यंत्रागणिक पालटला.

तथापि जुनी हाताळणी म्हणजे केवळ अडाणीपणा नव्हे. १९९६ मधील ‘टूम रेडर’चे विश्व एकसारख्या मापाच्या चौकोनांवर बांधलेले आहे आणि नायिकेच्या उडीचे अंतर त्या मापाशी जुळविलेले आहे. कड्यावर थांबणे, एक पाऊल मागे घेणे आणि मग उडी घेणे, यात मोजमापाचा आनंद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या तीन ‘टूम रेडर’ खेळांची सुधारित आवृत्ती निघाली. तीत जुनी व नवी अशा दोन्ही हाताळण्या दिलेल्या असून एका बटणासरशी जुनी चित्रे व नवी चित्रे यांची अदलाबदल करता येते. नवी हाताळणी घेतल्यास चालणे सुलभ होते, पण उडीचे गणित बिघडते. नियम व हाताळणी एकमेकांत इतकी विणलेली असतात की, एकीला हात लावला की दुसरीला धक्का बसतोच. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ (१९९८) या खेळाची २०१९ मध्ये नव्याने निर्मिती झाली; तीत कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला. खेळ उत्तम वठला. परंतु वळणापलीकडे काय आहे हे न दिसल्याने वाटणारी मूळची भीती तीत उरली नाही.

पडदा हाही हाताळणीचाच भाग होय. निन्टेन्डोच्या ‘डक हंट’ (१९८४) या खेळात बंदुकीचा चाप ओढताच पडदा निमिषमात्र काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशग्राही घटक तो उजेड टिपतो. ही सर्व योजना पिक्चर ट्यूबच्या दूरचित्रवाणी संचाच्या गतीवर बेतलेली आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र उमटण्यास किंचित विलंब लागतो आणि मूळ बंदूक निरुपयोगी ठरते. येथे नियम शाबूत आहेत, यंत्र शाबूत आहे, खेळाडूही तयार आहे. नाहीसा झाला आहे तो केवळ पडदा.

परिसराचा लोप

तिसरे अंग सर्वांत नाजूक आहे. आर्केडमधील खेळ नाण्यांवर चालत. खेळाडूचा डाव काही मिनिटांत संपणे हे मालकाच्या उत्पन्नाच्या दृष्टीने आवश्यक होते आणि काठिण्याचे मूळ याच हिशेबात होते. कॅपकॉमच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ (१९८५) या खेळात तर खरा शेवट पाहण्यासाठी संपूर्ण खेळ दोनदा पार करावा लागतो. असे खेळ आज घरबसल्या, हवे तेथे डाव साठवून व चुकल्यास मागे जाऊन खेळता येतात. नाणे गमावण्याची धास्ती व मागे उभ्या असलेल्या बघ्यांची नजर नसेल, तर तेच काठिण्य कंटाळवाणे वाटते. आणि सोयी वापरल्यास खेळ अर्ध्या तासात उरकतो. दोन्ही स्थितींत आजचा खेळाडू ज्याचा निवाडा करतो तो मूळ खेळ नसतोच.

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ (१९८६) याची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यातील कित्येक भुयारे कोणतीही खूण नसलेल्या झुडपामागे वा खडकामागे दडलेली आहेत. ती शोधण्यासाठी खेळासोबत मिळणारा नकाशा, मित्रांची चर्चा आणि पुढे मासिके, असे ज्ञानाचे एक जाळे गृहीत धरलेले होते. आजचा खेळाडू तो एकट्याने व कागदाविना उघडतो आणि तो अन्यायकारक ठरवितो.

भारतातील अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यासह देशातील शहरांत जी यंत्रे घरोघरी पोहोचली, ती बहुतांशी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या १९८३ मधील यंत्राच्या नकला होत्या. एकाच ‘कॅसेट’मध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर असे, प्रत्यक्षात तेच ते खेळ नावे बदलून येत. सोबत पुस्तिका नसे, नकाशा नसे, कथा सांगणारे कोणी नसे. मूळ परिसरातून उचलून आणलेले हे खेळ जणू उघडे पडले होते. अशा स्थितीत ‘मारिओ’, ‘काँट्रा’ व ‘डक हंट’ यांसारखे, पडद्यावर पाहताच उमगणारे खेळ येथील एका पिढीच्या स्मरणात घट्ट बसले. ‘झेल्डा’सारख्या, वाचनावर व डाव साठविण्यावर विसंबलेल्या खेळांना तसे स्थान मिळाले नाही. परिसर काढून घेतल्यावर काय उरते, याची परीक्षा भारतीय घरांत नकळत पार पडली होती.

अपयशाचेही मोल

न टिकणे हे नेहमी काळाचे कार्य असते असेही नाही. अटारीच्या १९७७ मधील घरगुती यंत्रात कार्यरत मेमरी केवळ १२८ बाइट होती. त्यावर १९८२ मध्ये आलेल्या ‘पॅक-मॅन’च्या आवृत्तीत भुते एकसारखी लुकलुकत. त्याच वर्षीचा ‘ई. टी.’ हा खेळ तर घाईघाईने तयार झाला होता. दोन्ही खेळांविषयी त्या काळच्या ग्राहकांनीच नाराजी व्यक्त केली. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील आलामोगोर्दो येथे जमिनीत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले आणि त्यातील ‘ई. टी.’चे एक कार्ट्रिज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाले. खेळ म्हणून टाकाऊ ठरलेली वस्तू एका उद्योगाच्या कोसळण्याचा पुरावा म्हणून मोलाची ठरली.

जतनाच्या व्यवस्थेकडे पाहता मात्र निवड प्रामुख्याने यशस्वी खेळांचीच होताना दिसते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी चौदा खेळ निवडले. त्यांत ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ होते. रॉचेस्टर येथील द स्ट्राँग संग्रहालयाने २०१५ मध्ये गौरविलेल्या पहिल्या सहा खेळांतही ‘पाँग’, ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’ व ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आहेत. ही निवड योग्यच आहे. परंतु हे खेळ विस्मृतीत जाण्याची भीती मुळात कमीच होती. खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. ग्रंथालयांनी जपलेले बाजारबाह्य खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने अभ्यासता यावेत, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. परिणामी अशा खेळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकास संबंधित संस्थेत स्वतः जाण्यावाचून फारसा अधिकृत मार्ग राहत नाही. भारतीय संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) जुना खेळ संपूर्णपणे टिकतो वा संपूर्णपणे नष्ट होतो असे होत नाही. नियम दीर्घकाळ टिकतात, हाताळणी लवकर जुनी होते आणि परिसर सर्वांत आधी लोपतो.

२) टिकाऊपणा वयावर अवलंबून नसतो. ज्या खेळाचे नियम पडद्यावरच समजतात व ज्यासाठी हाताळणीची रीत आधीच स्थिरावलेली असते, तो अधिक टिकतो. १९८५ मधील ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आज सहज खेळता येतो. १९९७ मधील ‘गोल्डनआय’ मूळ रूपात खेळणे कठीण जाते.

३) टिकाऊपणास केवळ स्मरणरंजन मानता येत नाही. ‘टेट्रिस’मध्ये नव्या पिढीने नवे कौशल्य निर्माण केले आहे.

४) नवनिर्मिती हा जतनाचा पर्याय नव्हे. हाताळणी बदलली की नियमांचा अर्थ बदलतो. म्हणून नव्या आवृत्तीबरोबर मूळ आवृत्तीही उपलब्ध असणे अगत्याचे आहे. ‘टूम रेडर’च्या २०२४ मधील आवृत्तीने हा मार्ग व्यवहार्य असल्याचे दाखविले आहे.

५) आजच्या खेळाडूस आनंद देणे हा खेळाचा गुण आहे, तो जतनाचा निकष होऊ शकत नाही. दुर्बोध दस्तऐवज अभिलेखागारातून बाहेर काढला जात नाही. तोच न्याय दुष्कर, गैरसोयीच्या व फसलेल्या खेळांनाही लागू व्हावयास हवा.

आजच्या खेळाडूने एखादा खेळ नापसंत करावा, हा त्याचा अधिकार आहे. मात्र त्याची नापसंती हीच त्या खेळाची मृत्युनोंद ठरू नये. एखादा खेळ आज का रुचत नाही, याचे उत्तर शोधताना त्या काळचा पडदा, त्या काळचे नाणे आणि त्या काळची सोबत यांचा मागोवा घ्यावा लागतो. तो घेता यावा एवढ्यासाठी तरी मूळ खेळ हाताशी असला पाहिजे.